उणे ४० अंशांतही कोल्हा कुडकुडत का नाही?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. आर्क्टिकमधल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशातल्या, सस्तन प्राण्यांचं रक्त आपल्यापेक्षा गरम असतं का? ध्रुवीय अस्वलाचे पोकळ केस सूर्याची ऊब थेट कातडीपर्यंत पोचवतात हे खरं का? आणि तिकडची थंडी कमी होत चालली आहे, तर या प्राण्यांना उलट बरंच वाटायला नको का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही'. तिसऱ्याचंही 'नाही'च आहे, पण ते पटायला आधीचं सगळं समजून घ्यावं लागतं, म्हणून ते शेवटी घेतो. प्राण्यांच्या शरीरात उष्णता कशी तयार होते आणि कुठून निसटते, याच्या अभ्यासात मी बरीच वर्षं घालवली आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

गरम रक्ताची समजूत सगळीकडे आढळते आणि वरवर ती पटतेही. बाहेर इतका गारठा, तर आतली भट्टी तेवढीच मोठी असणार, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आर्क्टिक कोल्ह्याच्या शरीराचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. रेनडिअरचंही तेवढंच, आणि विषुववृत्ताजवळच्या जंगलांत राहणाऱ्या बहुतेक सस्तन प्राण्यांचंही साधारण तेवढंच. फरक आहे तो हे तापमान टिकवायला किती खर्च येतो यात.

हा खर्च नीट मोजला गेला तो पेर स्कोलँडर, लॉरेन्स अर्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोच्या प्रयोगशाळेत. त्यांचे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी प्राण्याला थंड कक्षात ठेवलं, तापमान हळूहळू उतरवलं आणि प्राणी किती ऑक्सिजन वापरतो हे पाहिलं. प्रत्येक उष्णरक्ताच्या प्राण्याची एक खालची मर्यादा असते. तिथपर्यंत तो नुसता पडून राहिला तरी भागतं. त्याखाली मात्र कुडकुडून किंवा अन्य मार्गाने जास्तीची चरबी-साखर जाळावी लागते. उघड्या अंगाच्या माणसासाठी ही मर्यादा २७-२८ अंशांच्या आसपास आहे. पनामातल्या ज्या प्राण्यांशी त्यांनी तुलना केली, त्यांचीही मर्यादा साधारण तशाच उबदार तापमानाला होती. आर्क्टिक कोल्ह्याची मर्यादा त्यांच्या मोजणीत उणे ४० अंशांपर्यंत खाली गेली. म्हणजे ज्या थंडीत आपलं बोट काही मिनिटांत गोठेल, त्या थंडीत स्वस्थ पडलेला कोल्हा जेमतेम नेहमीइतकंच इंधन जाळत होता.

मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. आत ३८ आणि बाहेर उणे ४०, म्हणजे ७८ अंशांचा फरक. एवढा फरक भट्टी पेटती ठेवून भरून काढायचा, तर कोल्ह्याला दिवसभर खात राहावं लागेल, आणि आर्क्टिकच्या हिवाळ्यात नेमकं खाणंच सगळ्यात दुर्मीळ असतं. तेव्हा त्याची ऊब निसटत का नाही, हे शोधायला हवं.

सुरुवात कातडीपासून करू. ऊब राखते ती केसांमध्ये अडकून पडलेली, न हलणारी हवा. तिकडच्या बहुतेक प्राण्यांच्या अंगावर दोन थर असतात. आतला मऊ, दाट लोकरीचा, आणि त्यावर लांब, राठ केसांचा, जो वारा आणि बर्फ अडवतो. मस्कऑक्स या गव्यासारख्या दिसणाऱ्या केसाळ प्राण्याचे बाहेरचे केस जवळपास जमिनीला टेकतात. त्याखालच्या लोकरीला इन्युइट भाषेतून आलेला 'किव्हियुट' हा शब्द आहे आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी तलम असते. रेनडिअरच्या केसाच्या आतच हवेचे असंख्य छोटे कप्पे असतात. त्याचा एक जास्तीचा फायदा असा, की नदी पोहून जाताना तो पाण्यावर छान तरंगतो. हिवाळ्यात कोल्ह्याच्या कातड्यात बोटं खुपसली, तर तळाशी कातडी लागेपर्यंत बोट जवळजवळ दिसेनासं होतं.

पण या थराची खरी साक्ष बर्फ देतो. हिमवर्षावात उभ्या असलेल्या रेनडिअरच्या पाठीवर बर्फ साचतो आणि तसाच राहतो. काही सेंटिमीटर खाली ३८ अंशांचं शरीर आहे, तरी तो वितळत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून मी असा प्राणी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याचं धड मागच्या बर्फात मिसळून गेलं होतं. उजळ दिसत होते ते डोळे आणि तोंडाचा भाग. कितीही वाचलेलं असलं तरी ते दृश्य पाहून मी थबकलो होतो.

आता ध्रुवीय अस्वलाच्या केसांबद्दल. त्याचे बाहेरचे केस पोकळ असतात, त्यांना रंगद्रव्य नसतं, आणि केसांखालची कातडी काळी असते. हे तिन्ही खरं आहे. त्यावरून असा तर्क निघाला, की केस प्रकाशवाहक तंतूसारखे काम करतात, अतिनील किरण आत नेतात आणि काळी कातडी ते शोषून घेते. कल्पना सुंदर आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. १९९८ मध्ये डॅनियल कून या भौतिकशास्त्रज्ञाने अस्वलाच्या केसांतून प्रकाश प्रत्यक्ष पाठवून पाहिला. केसाची लांबी पार करेपर्यंत प्रकाशाचा जवळजवळ मागमूस उरत नव्हता, आणि अतिनील किरण तर केस ज्याचा बनलेला असतो ते केराटिन हे प्रथिनच शोषून घेत होतं. प्रयोग नसता, तरी साध्या विचाराने शंका यायला हवी होती. जिथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, तिथे ऊब सर्वात गरजेची असताना सूर्यावर चालणारी युक्ती काय कामाची? केसांची पोकळी हवा धरून ठेवते, आणि प्रकाश सगळीकडे विखुरल्यामुळे अस्वल पांढरं दिसतं. एवढंच त्यामागे आहे.

अस्वलाची मोठी अडचण तर उलटीच आहे. इतकं दाट आवरण आणि त्याखाली काही ठिकाणी १० सेंटिमीटरपर्यंत चरबी. असा प्राणी धावायला लागला की आत तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही. म्हणून ध्रुवीय अस्वल सहसा सावकाश चालतं, आणि दमलं की पोट आणि पाय पसरून बर्फावर पालथं पडतं. रेनडिअरही लांडग्यापासून पळताना तोंड उघडून धापा टाकतो, उणे ३० मध्येसुद्धा. आर्क्टिकच्या प्राण्याला ऊब राखावी लागते आणि काही मिनिटांत ती फेकूनही द्यावी लागते. नुसती जाड गोधडी पांघरून हे जमत नाही. मनात येईल तेव्हा उघडता-मिटता येणाऱ्या खिडक्या लागतात.

त्या खिडक्या म्हणजे पाय, नाक, कान आणि तोंड. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला सर्वात देखणा भाग हाच.

कोल्ह्याच्या पायाचा विचार करा. पाय बारीक, त्यावर धडाइतके केस ठेवता येत नाहीत, आणि तळवा तर थेट बर्फावर टेकलेला. ३८ अंशांचं रक्त सरळ तळव्यापर्यंत गेलं तर प्रत्येक पावलागणिक ऊब बर्फात जाईल. रक्त अडवलं तर पाय गोठेल. त्यावर तोड अशी, की पायात खाली जाणाऱ्या धमन्या आणि वर येणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी खेटून असतात. खाली जाणारं गरम रक्त आपली उष्णता शेजारून वर येणाऱ्या गार रक्ताला देत जातं. तळव्याशी पोचेपर्यंत ते थंड झालेलं असतं, आणि वर परतणारं रक्त धडात शिरेपर्यंत पुन्हा गरम झालेलं असतं. उष्णता पायाच्या वरच्या भागातूनच माघारी फिरते. म्हणूनच रेनडिअरच्या खालच्या पायाचं तापमान १० अंशांच्या खाली उतरलं, तरी त्याच्या छातीत ३८ अंश कायम असतात.

मग तळवा गोठत कसा नाही? १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्क्टिक कोल्हा आणि लांडगा यांचे पाय अतिथंड द्रवात ठेवून मोजमापं घेतली. पंजा थंड होत होत उणे १ अंशाच्या आसपास आला आणि तिथेच थांबला. ऊती गोठण्याच्या अगदी उंबरठ्यावर. त्या क्षणी तळव्याच्या कातडीतला रक्तपुरवठा वाढला, पण गोठणं टळण्यापुरताच, एका थेंबानेही जास्त नाही म्हणावं इतका मोजून. आपली बोटं थंडीत रक्त तोडून टाकतात आणि शेवटी हिमदंशाला बळी पडतात. कोल्ह्याचा पंजा जाणूनबुजून थंड राहतो. शिवाय त्याचे तळवे हिवाळ्यात केसांनी झाकलेले असतात. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'लॅगोपस' या शब्दाचा अर्थच सशासारख्या पायाचा.

थंड पायाने काम करायचं तर आतला मालमसालाही तसा हवा. रेनडिअरच्या मांडीच्या हाडातली चरबी आपल्या तुपासारखी गार झाली की घट्ट होते. खुराजवळच्या हाडांतली चरबी मात्र कमी तापमानालाही मऊ राहते, कारण तिच्यात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण जास्त असतं. एकाच पायात, वरून खाली, चरबीचा पोत बदलत जातो. रक्तातही असाच एक फेरफार आहे. तुमच्या रक्ताबद्दलच्या प्रश्नात तेवढ्यापुरतं तथ्य आहे. हिमोग्लोबिन थंड झालं की सहसा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सोडत नाही. रेनडिअर आणि मस्कऑक्स यांच्या हिमोग्लोबिनवर तापमानाचा परिणाम बराच कमी होतो, त्यामुळे थंडगार पायातही ते ऑक्सिजन सोडू शकतं.

नाकाचं कामही याच धर्तीवर चालतं. उणे ४० अंशांची कोरडी हवा आत घ्यायची, ती फुप्फुसांपर्यंत ३८ अंशांची आणि दमट करायची, आणि मग बाहेर सोडून द्यायची, म्हणजे दर श्वासाला उष्णता आणि पाणी दोन्ही गमावणं. रेनडिअरच्या नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यावर ओलसर अस्तर. श्वास आत जाताना हे अस्तर गार होतं. उच्छ्वास बाहेर पडताना त्याच गार अस्तरावरून जातो, आपली उष्णता आणि वाफ तिथेच ठेवून जातो. कडाक्याच्या थंडीत स्वस्थ उभ्या रेनडिअरचा उच्छ्वास १० अंशांच्या आसपास असू शकतो. आपल्या तोंडातून जसे वाफेचे ढग निघतात, तसे त्याच्या नाकातून जवळपास निघतच नाहीत.

जाता जाता पुस्तकी नियमांबद्दल. बर्गमन यांनी १८४७ मध्ये मांडलं, की थंड प्रदेशात एकाच गटातले प्राणी आकाराने मोठे असतात. ॲलन यांनी १८७७ मध्ये मांडलं, की त्यांचे कान, पाय, शेपट्या आखूड असतात. आर्क्टिक कोल्ह्याचे गोल, छोटे कान पाहिले की दुसरा नियम पटतो. पण या नियमांना शाळेपासून जेवढं महत्त्व दिलं जातं, तेवढं ते पेलत नाहीत असं माझं मत आहे. स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरचा रेनडिअर मुख्य भूमीवरच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा लहान आहे. लेमिंग हा उंदरासारखा प्राणी तर मुठीत मावतो. अर्मिन हा मुंगसासारखा दिसणारा, विझल जातीचा छोटा शिकारी तर लांबट, सडपातळ, ऊब घालवायला सगळ्यात सोयीच्या घाटाचा, आणि तरीही तो तिथे राहतो, बऱ्याचदा मारलेल्या लेमिंगच्याच घरट्यात, त्याच्याच केसांचं अस्तर लावून. केसांची जाडी थोडी वाढली किंवा रक्ताचा प्रवाह थोडा बदलला, तर जो फरक पडतो, त्यापुढे आकारातला फरक किरकोळ ठरतो. स्कोलँडर यांनीही १९५० च्या दशकात हाच आक्षेप घेतला होता.

लेमिंगसारख्या छोट्या प्राण्याला मात्र जाड केस पेलवतच नाहीत. तेवढे केस घेऊन त्याला चालताही येणार नाही. तो बर्फालाच पांघरूण करतो. भुसभुशीत बर्फात भरपूर हवा असते. त्याच्या तळाशी, जमिनीलगत, एक पोकळ थर तयार होतो आणि वर उणे ४० असताना खाली तापमान शून्याच्या काही अंश खाली एवढंच असतं. लेमिंग तिथे बोगदे करतात, शेवाळ आणि गवत खातात, हिवाळ्यात पिल्लंही देतात. कॉलर्ड लेमिंग हिवाळ्यात पांढरा होतो, आणि बर्फ खणण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांची नखं फावड्यासारखी वाढतात.

समुद्रात हिशेब पुन्हा बदलतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि ओल्या केसांत हवा टिकत नाही. तिथे चरबीच हवी. बोहेड व्हेलच्या अंगावर चरबीचा थर अर्धा मीटर जाड होऊ शकतो. बोहेड, बेलुगा आणि नार्व्हाल या तिन्ही खऱ्याखुऱ्या आर्क्टिक देवमाशांच्या पाठीवर उभा पर (फिन) नाही. बर्फाखाली पोहताना तो आडवा येतो आणि ऊबही घालवतो. चरबीचा मोठा गुण असा, की तिच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मिटता-उघडता येतात. थंड पाण्यातून वर आलेला वॉलरस फिकट, राखाडी दिसतो आणि उन्हात पडल्यावर गुलाबी होतो, तो याचमुळे. मिटलेल्या वाहिन्या उघडून तो साठलेली उष्णता सोडत असतो.

पिल्लांकडे मात्र यातलं काहीच तयार नसतं, आणि त्यांचा जन्म थंडी सरण्याआधीच होतो. मस्कऑक्सचं पाडस एप्रिल-मेमध्ये, बाहेर अजून उणे ३० असू शकतं तेव्हा, आईच्या पोटातल्या ३८ अंशांतून ओलंचिंब बाहेर येतं. त्याला वाचवते ती तपकिरी चरबी. साधी चरबी इंधनाचा साठा असते. तपकिरी चरबीच्या पेशींत एक खास प्रथिन असतं, जे इंधन जाळून त्याचं दुसरं काहीच न करता थेट उष्णता करतं. न कुडकुडता. आतापर्यंत मी भट्टीला दुय्यम म्हणत आलो, पण जन्मानंतरच्या त्या पहिल्या तासांत भट्टीच सर्व काही असते. रेनडिअरच्या पाडसात ही चरबी साधारण महिनाभरात संपते, तोवर केस आणि अंग तयार झालेलं असतं. हुडेड सील दुसरा रस्ता घेते. तिचं दूध सुमारे ६० टक्के चरबीचं असतं आणि ती पिल्लाला फक्त चार दिवस पाजते. तेवढ्यात पिल्लाचं वजन जवळपास दुप्पट होतं. सस्तन प्राण्यांत इतक्या थोड्या दिवसांचं स्तनपान दुसरं नाही.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जमिनीत बिळं करून राहणारी आर्क्टिक खार ऊब राखतच नाही, ती सोडून देते. वर्षातले सात-आठ महिने ती गोठलेल्या जमिनीतल्या बिळात शीतनिद्रेत असते. अलास्का विद्यापीठातल्या ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की या काळात तिच्या पोटातलं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं. सस्तन प्राणी, जिवंत, आणि शून्याखाली! तिच्या रक्तात गोठणरोधक द्रव्य असेल असा अंदाज होता, पण तसं काही सापडलं नाही. तिचं रक्त शरीराबाहेर काढलं तर उणे ०.६ अंशांच्या आसपास गोठू शकतं. शरीरात ते अतिशीत अवस्थेत राहतं, म्हणजे हिमांकाखाली जाऊनही द्रवच, कारण बर्फाचा पहिला कण धरायला काही मिळत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती तपकिरी चरबी जाळून स्वतःला पुन्हा पूर्ण गरम करते, दिवसभरापेक्षाही कमी वेळ तशी राहते, आणि परत थंड होते. हिवाळ्याचं बहुतेक इंधन या थोड्याशा गरम तासांतच खर्च होतं. या बिळांशेजारीच, त्याच हिवाळ्यात, कोल्हा ३८ अंश सांभाळत हिंडत असतो. एका कोल्हीने २०१८ मध्ये स्वालबार्डपासून ग्रीनलंड ओलांडून कॅनडातल्या एल्समिअर बेटापर्यंत ३,५०६ किलोमीटर अंतर ७६ दिवसांत कापल्याची उपग्रहाद्वारे नोंद आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. थंडी कमी झाली तर बरं नाही का?

यातल्या कोणत्याही प्राण्याला थंडीचा जाच होत नसतो. त्यांचं अंग, त्यांचं खाणं, त्यांचा लपण्याचा आसरा, सगळं कोरड्या आणि भरवशाच्या थंडीवर उभं आहे. बर्फ भुसभुशीत असेल तर लेमिंगला ऊब मिळते आणि रेनडिअरला खुराने तो उकरून खालचं खाता येतं. समुद्रावरच्या बर्फात रिंग्ड सील हिमाची गुहा करून पिल्लू ठेवते. वसंतात लवकर उष्मा आला किंवा पाऊस पडला की ती गुहा कोसळते आणि पिल्लू उघड्यावर पडतं. आणि सर्वात वाईट म्हणजे भर हिवाळ्यात पडणारा पाऊस. तो बर्फात झिरपतो आणि पुन्हा गोठतो, गवतावर काचेसारखा कठीण थर बसतो. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बँक्स बेटावर असाच पाऊस झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथले सुमारे २०,००० मस्कऑक्स उपासमारीने मेले. उणे ४० सहज पेलणारी लोकर त्यांच्या अंगावर होती. चारा खुरांखाली काही सेंटिमीटरवर होता, फक्त तो थर त्यांना फोडता आला नाही.